चकवा बघायला माळावर

माझ्या वडिलांना एकदा चकवा लागला होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोनएक वर्षं आधीची गोष्ट. भादव्याची अवस, आभाळ गच्च भरलेलं, आणि वडील तेलगावाकडून आडवाटेनं माळ ओलांडून दिंद्रुडला येत होते. तेव्हा बीड-परळी रस्त्यावर आजच्यासारख्या गाड्या नव्हत्या. पायी माणूस रस्ता सोडायचा आणि जवळचा माळ धरायचा. वाट पायाखालची, लहानपणापासून गुरं वळलेला माळ. तिथं एक हिवर होता, एका अंगाला कललेला. त्याच्याखाली बसून वडिलांनी विडी ओढली, थोटूक टाकलं आणि निघाले. बराच वेळ चालले. गाव यायला पाहिजे होतं, आला हिवर. माळावर हिवर काय एकच असतो होय, म्हणून पुन्हा चालू लागले. पुन्हा हिवर. आता मात्र त्यांनी काडी ओढून बघितलं. खोडापाशी त्यांचंच थोटूक पडलेलं.

चकवा लागला की काय करायचं, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना पाठ होतं. अंगातला सदरा काढून उलटा घालायचा आणि आहे तिथं बसून राहायचं. वडील बसले. पहाटे कोंबडं आरवलं तेव्हा त्यांना कळलं की गाव हाकेच्या अंतरावर आहे. घरी आले ते उलट्या सदऱ्यानंच. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या माळाकडं एकट्यानं बघायलासुद्धा पुढं वर्षभर माझी छाती झाली नाही.

यंदा दिवाळीला नातवंडं आली. थोरली नात सातवीत, धाकटा नातू दुसरीत. ढाळजेत बसून मी ही गोष्ट सांगितली. धाकटा माझ्या मांडीला चिकटला आणि थोरली म्हणाली, “आबा, चकवा वगैरे काही नसतं हो. भुताच्या गोष्टी आहेत सगळ्या.”

“भूत नसतं, मान्य. चकवा असतो.”

“म्हणजे?”

“उद्या उजेडी दाखवतो. घरात उरलेली रांगोळी आहे का बघ. एक पुडा घे.”

भाऊबीज उरकलेली होती, रांगोळीचं आता कुणाला काम नव्हतं. तरी आजीला विचारून घे म्हणालो. तिनं विचारलं नाही.

सकाळी ऊन कोवळं आहे तोवर आम्ही तिघं निघालो. गावातून पांदणीनं बाहेर पडायचं, रानं ओलांडून बालाघाटाच्या अंगाला माळावर चढायचं, माळाला वळसा घालून ओढ्याओढ्यानं खाली यायचं आणि उसाच्या रानांतून पुन्हा गावात, अशी आमची फेरी. मी वर्षानुवर्षं करतो ती. डॉक्टर म्हणतात चाला. मी म्हणतो, नुसतं चालून काय करू, काहीतरी बघतो तरी.

पांदणीच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती. सोयाबीन कधीच निघालेलं, त्या रानात ज्वारीचे कोंब वितीवर आलेले. धाकट्याचा पाय एका भेगेत गेला. त्यानं हात घातला, मनगट आत गेलं. “आबा, जमीन फाटलीय!”

ही आपली काळी माती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर आला. डोंगराच्या तोंडातून आला तसा नाही, लांबच लांब चिरांतून, पुराचं पाणी पसरावं तसा पसरला. थरावर थर साचले. तोच आपला काळा दगड, आणि तो झिजून झिजून ही माती. तिचे कण इतके बारीक आणि पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात की पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आकसते, भेगा पडतात. मग वरची भुसभुशीत माती त्या भेगांतून खाली पडते, पुढच्या पावसात पुन्हा फुगते आणि खालची वर ढकलली जाते. म्हणजे काळी माती स्वतःच स्वतःला उलथते. पावसाळ्यात प्यालेलं पाणी ती पोटात धरून ठेवते, म्हणून तर पाऊस गेल्यावर पेरलेली ज्वारी नुसत्या त्या ओलीवर येते. दिवाळीनंतर थेंब पडला नाही तरी हुरडा चुकत नाही, तो हिच्या जिवावर.

“मग माळावर ज्वारी का नाही पेरत?”

“वर चल. कुदळ मारलीस तर दोन बोटांवर मुरूम लागेल. बारीक माती पावसानं कधीच वाहून खाली आणली. माळाची माती खाऊनच ही रानं माजलीत.”

माळावर चढलं की अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. उत्तरेला माजलगावच्या धरणाची बाजू, सिंदफणेचं पाणी. दक्षिणेला बालाघाटाची निळी रेघ. मधे नुसतं पिवळं पडत आलेलं गवत, तरवडाची झुडपं, एखादी बोर, एखादं सीताफळाचं झाड. लांबवर हरणांचा कळप उभा होता, काळवीट मान वर करून आमच्याकडं बघत होता. रात्री हीच मंडळी खाली ज्वारीत उतरतात. शेतकऱ्याला विचाराल तर तो त्यांचं कौतुक करणार नाही, आणि त्याचं काही चुकतही नाही.

झाडझुडूप नसलेला एक सपाट पट्टा मी हेरून ठेवला होता. खांद्यावरचं उपरणं थोरलीच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं. तोंड बालाघाटाकडं केलं, पाठ गावाकडं. “आता नाकासमोर चालत राहायचं. मी थांब म्हणेपर्यंत. काट्याकुट्याचं मी बघतो.” धाकट्याला पुड्याचा कोपरा कापून दिला. ताई चालेल तिथं तिच्या टाचेमागं रांगोळीची धार सोडत यायचं काम त्याचं. एका हातात पुडा, दुसऱ्या हातात चकली.

ती निघाली. ताठ मानेनं, ठाम पावलं. वीस-तीस पावलं सरळ गेली. मग रेघ जराशी उजवीकडं झुकली. इतकी थोडी की मलाही आधी कळलं नाही. पुढं आणखी जराशी. शंभरएक पावलं झाल्यावर मी थांब म्हणालो.

“आता सांग, गाव कुठं?”

तिनं न चुकता पाठीमागं बोट केलं. उपरणं सोडलं तर गाव तिच्या समोर. देवळाचा कळस अगदी नाकाच्या रेषेत. आणि मागं माळावर पांढरी रांगोळी, जिलबीचा अर्धा वेढा घालावा तशी.

“मी वळले नव्हते, आबा! शपथ!”

“मला माहीत आहे. तू वळली नाहीस. चकव्यानं वळवलं.”

मग धाकट्याची पाळी. त्याची रेघ अगदी सरळ आली. त्यानं उपरण्याखालून बघितलं होतं. विज्ञानात यालाही नाव आहे, लबाडी. दुसऱ्यांदा घट्ट बांधलं तर तो डावीकडं गेला आणि तरवडात शिरता शिरता मी त्याला धरला.

आता शास्त्रज्ञांचं ऐका. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन आणि त्यांच्या सोबत्यांनी हाच खेळ मोठ्या प्रमाणावर केला. माणसांच्या अंगावर जीपीएसचं यंत्र बांधलं, त्यांना एका सपाट, दाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. डोळे उघडे होते, काही तास चालायचं होतं. चौघांच्या वेळी आभाळ भरलेलं होतं. ते चौघंही गोल फिरले आणि त्यातल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हा ओलांडली, ती त्यांच्या ध्यानातही आली नाही. ज्यांच्या वेळी ऊन होतं, ते जवळजवळ सरळ गेले. जंगल तेच, सांगणंही तेच, फरक नुसता सूर्य दिसण्याचा. ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटातही त्यांनी माणसं चालवली. एक जण रात्री चालला. चंद्र होता तोवर ठीक चालला. चंद्र ढगाआड गेला आणि तो वळत वळत आला त्याच दिशेला परत निघाला.

डोळे बांधून चालवल्यावर तर काही माणसं वीस मीटरच्या आतबाहेरच्या गोलात फिरली. पूर्वी लोक म्हणायचे, माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरासा लांब असतो, म्हणून तो एका अंगाला वळतो. तसं असतं तर एक माणूस नेहमी एकाच बाजूला वळला असता. पण तोच माणूस एकदा डावीकडं जायचा, एकदा उजवीकडं. पाय निर्दोष सुटले. चूक डोक्यातली निघाली. ‘सरळ’ म्हणजे कुठं, याचा अंदाज आपला मेंदू पावलागणिक नव्यानं बांधतो, आणि प्रत्येक पावलाला केसभर चुकतो. पुढचं पाऊल त्या चुकलेल्या सरळवर उभं राहतं आणि स्वतःची केसभर चूक त्यात घालतं. उधारीवर व्याज आणि व्याजावर व्याज. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं नाकच हळूहळू फिरत जातं, आणि ते फिरतंय हे त्याला कोण सांगणार?

म्हणून माझं म्हणणं असं की गावानं घटना बरोबर सांगितली, आरोपी तेवढा चुकीचा धरला. आणि उपायही काही वाईट नव्हता. उलट्या सदऱ्यानं काय होतं ते सोडा, पण बसून राहिल्यानं चुकीत चुकीची भर पडायची थांबते. तेवढ्यात ढग सरकतो, कुत्रं भुंकतं, कोंबडं आरवतं. बाहेरून एक खूण मिळाली की झालं.

हे आमच्या शेतकऱ्यांना नवीन नाही. ट्रॅक्टर यायच्या आधी तिफणीनं पेरायचो तेव्हा पहिलं तास धरणं हे घरातल्या जाणत्याचं काम असायचं. पहिलं तास वाकडं गेलं की सगळं रान वाकडं. मी पहिल्यांदा धरलं तेव्हा बैलांच्या खुरांकडं आणि फणाकडं बघत राहिलो, अगदी मन लावून. मागं वळून बघतो तर ओढ्यासारखं नागमोडी. वडील ओरडले नाहीत. पलीकडच्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड दाखवलं आणि म्हणाले, “खाली बघू नको. तिच्याकडं बघ आणि चालत राहा.” ज्या माणसाला तास सरळ कसं धरायचं हे ठाऊक होतं, त्यालाच अवसेच्या रात्री चकवा लागला होता. बाभूळ दिसली नाही, एवढंच.

“आबा, हे बघा कोण चाललंय!” धाकटा मुरमावर पालथा पडला होता.

शेणकिडा होता. पावसाळ्यात माळावर हे ढिगानं दिसतात, आता एखादाच. गुरांच्या शेणाचा बोरापेक्षा मोठा गोळा त्यानं वळला होता आणि डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, असा उलटा होऊन तो गोळा ढकलत होता. ज्या दिशेला जायचं तिकडं पाठ. पुढचं काही दिसत नाही. तरी चालला होता सरळ, ओळंबा धरल्यासारखा. मी वाटेत काडी आडवी टाकली. गोळा अडला. किडा वर चढला, गोळ्यावर उभा राहून गरकन एक फेरा घेतला, उतरला, आणि पुन्हा तीच दिशा.

“नाचला!” थोरली म्हणाली.

शास्त्रज्ञही त्याला नाचच म्हणतात. त्या फेऱ्यात तो आभाळ वाचून घेतो. सूर्य कुठं आहे हे तो बघतोच, शिवाय सूर्याचा प्रकाश आभाळभर पसरताना त्यात एक नक्षी तयार होते, आपल्याला ती दिसत नाही, त्याला दिसते. आणि एवढी घाई, एवढं सरळ जाणं कशासाठी? चोरांसाठी. शेणाच्या पोवाजवळ बाकीचे किडे टपलेले असतात. आयता वळलेला गोळा कुणाला नको? तिथून लवकरात लवकर लांब जायचं तर सरळ जायला हवं. ह्याला चकवा लागला तर तो गोल फिरून आपला गोळा घेऊन थेट चोरांच्याच दारात येईल.

आता रात्री फिरणाऱ्या शेणकिड्याचं बघा. दक्षिण आफ्रिकेत अशी एक जात आहे. चंद्र असेल तर चंद्राचा आधार. पण अवसेला? स्वीडनच्या मारी डाके आणि त्यांच्या सोबत्यांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्या टोप्या बसवल्या, म्हणजे वरचं दिसायला नको. टोपीवाले भरकटले. कुणी म्हणेल, टोपीच्या ओझ्यानं भरकटले. म्हणून दुसऱ्यांना पारदर्शक टोप्या घातल्या. ते नीट चालले. मग किडे जोहान्सबर्गच्या तारांगणात नेले. छतावर सगळे तारे दाखवले तेव्हा किडे सरळ गेले. नंतर नुसता आकाशगंगेचा पट्टा ठेवला. तरी सरळ! २०१३ साली हे छापून आलं. शेणाचा गोळा लोटणारा किडा आकाशगंगा बघून वाट काढतो. त्याच वर्षी त्या मंडळींना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस.

धाकट्याला टोपीचं फार आवडलं. त्यानं चकलीचा तुकडा किड्याच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला. किड्यानं तो बाजूला सारला आणि आपल्या कामाला लागला.

तरवडाच्या सावलीत पाणी प्यायला बसलो तर मुंग्यांची लगबग. म्हटलं, आता मुंग्यांचं ऐका, हेही ट्युनिशियातलंच. का कोण जाणे, चकव्याचा सगळा शोध त्याच देशात लागलाय. तिथं कैरुआन गावात फेलिक्स सान्ची नावाचे एक स्विस डॉक्टर होते. रोगी तपासून झाले की ते मुंग्या बघत बसत. १९११ साली त्यांनी घराकडं निघालेल्या मुंगीवर आडोसा धरून सूर्य झाकला आणि उलट्या बाजूनं आरशातून सूर्य दाखवला. मुंगी फिरली आणि उलटी चालू लागली. एक आरसा, एक आडोसा, खर्च शून्य.

पण सूर्य दिशा सांगतो, अंतर कोण सांगतं? वाळवंटातली मुंगी अन्न शोधत वाकडीतिकडी हिंडते आणि सापडलं की सरळ रेषेत वारुळाकडं परतते, आणि बरोबर दारापाशी थांबते. वाळूवर खूण नाही, वास टिकत नाही. २००६ साली माथियास विटलिंगर आणि त्यांच्या सोबत्यांनी एक अचाट उद्योग केला. दहा मीटर लांब अन्नाशी आलेल्या मुंग्या पकडल्या. काहींच्या पायांना डुकराच्या केसांचे तुकडे चिकटवून पाय लांब केले, उंच बांबूवर चालणाऱ्या गड्यासारखे. काहींचे पाय थोडे आखूड केले. मग घरी सोडलं. लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून सुमारे पंधरा मीटरवर जाऊन घर शोधू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटरसुद्धा न जाता थांबल्या आणि तिथंच घुटमळल्या. म्हणजे मुंगी पावलं मोजते! येताना जितकी, जाताना तितकी. आता आकडे येतात म्हणून मोजत असेल असं नाही, पण तिच्या इवल्या डोक्यात पावलांची जमा-नावे आहे खरी.

“पाय कापले?” धाकट्याचा चेहरा पडला.

“कापले,” मी म्हणालो. ते मलाही फारसं आवडलेलं नाही, पण खोटं कशाला सांगू? तेव्हापासून घरी पोचेपर्यंत तो तोंडातल्या तोंडात पावलं मोजत होता.

उठलो तर थोरलीचे मोजे कुसळांनी भरलेले. ती वैतागून उपटायला लागली, निघता निघेना. एक काढून मी तळहातावर घेतलं. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागं वळलेली लव, म्हणून आत शिरतं ते बाहेर येत नाही. मागं लांब शेपटी, तिचा बीकडचा अर्धा भाग दोरीसारखा पीळ दिलेला. मी बी चिमटीत धरलं आणि तिला म्हणालो, शेपटीवर पाण्याचा थेंब सोड.

काही क्षण काही नाही. मग शेपटी हलली. घड्याळाच्या काट्यासारखी, सावकाश, डोळ्यांदेखत ती गोल फिरू लागली. एक फेरा, दुसरा. पीळ उलगडत होता. मुलांनी श्वास धरला होता. मग ते उन्हात धरलं. वाळलं तसं उलटं फिरू लागलं.

रात्री दव पडतं, पीळ सुटतो. दिवसा ऊन पडतं, पीळ बसतो. शेपटी गवतात अडकलेली असली की ती फिरत नाही, बी फिरतं, आणि गिरमिटासारखं मुरमात उतरतं. ना बैल, ना तिफण. गवत स्वतःची पेरणी स्वतः करतं. धनगराला विचारा, मेंढीच्या लोकरीतून ते कातडीत शिरतं तेव्हा तो काय म्हणतो ते मी इथं लिहू शकत नाही. बाकी सगळे चकव्याला भितात, कुसळाचं पोट मात्र गोल फिरण्यावरच आहे.

माळाच्या कडेला उताराशी आलो तर अंगाभोवती चतुरच चतुर. पिवळसर तांबूस, पंख पसरून हवेत तरंगणारे, खाली म्हणून बसत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला हे असे दिसतात आणि काही दिवसांत गायब होतात. लहानपणी मला वाटायचं, थंडीनं मरत असतील.

मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला उलटा प्रश्न पडला होता. तिथं ऑक्टोबर लागला की आभाळातून चतुर उतरतात, हजारोंनी. आणि बेटांवर तर उघड्यावर साचणारं गोडं पाणी जवळजवळ नाहीच, मग अंडी कुठं घालणार? जन्मले कुठं? त्यांनी वर्षानुवर्षं तारखा टिपल्या, वाऱ्यांशी ताडून बघितल्या आणि २००९ साली सांगितलं की हे चतुर भारतातून येतात आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. जमिनीपासून हजार मीटरहून उंच चढायचं आणि तिथल्या अनुकूल वाऱ्यावर स्वार व्हायचं. बोटाएवढा किडा, खाली हिंदी महासागर. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा तिकडं पाऊस लागतो, डबकी भरतात, तिथं अंडी. आपल्याकडचा मोसमी पाऊस यायला लागला की ते त्याच्याबरोबर माघारी. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा फेरा.

“एकच चतुर एवढं उडतो?”

“नाही. त्याचं आयुष्य तेवढं कुठं? वाटेत पिढ्या बदलतात. चारएक पिढ्या लागतात. इथून निघतो तो पणजोबा, इथं येतो तो पणतू.”

धाकट्यानं बोटं मोजली. पणजोबा, आबा, बाबा, मी. मग एका चतुराकडं बघून त्यानं हात हलवला.

आमच्या माळावरचे नेमके हेच चतुर आफ्रिकेला जातात की शेजारच्या धुऱ्यापर्यंत, हे मी छातीठोक सांगणार नाही. जात तीच आहे आणि दिवस तेच आहेत, एवढं खरं.

ओढ्यात पाणी थोडं होतं, वहाणा हातात घेऊन उतरलो. पलीकडं ऊस. उसातल्या वाटेवर दहा पावलं गेलो आणि जग संपलं. दोन्ही अंगांना डोक्यावर चार हात हिरव्या भिंती, वरती आभाळाची चिंधी. पाण्याच्या पाटाला वळसा घातला, दोनदा वळलो, आणि मी मुद्दाम मागं राहिलो. थोरली थांबली. मोबाईल काढला. नकाशा उघडेना, रेंज नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पानाला चुना लावत उभा. मग तिनं वर बघितलं, स्वतःच्या सावलीकडं बघितलं, जरा वेळ ओठ हलवले आणि डावीकडची वाट धरली. शेणकिड्यानं गोळ्यावर चढून फेरा घ्यावा, तशी तिनं स्वतःभोवती गिरकीही घेतली होती. हे मी तिला सांगितलं नाही.

रस्त्याला लागलो तर ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रॅक्टर उभे. पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम, शेळी, चुलीची लाकडं, वर बसलेली लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते बीड जिल्ह्यातून दिवाळी झाली की पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. परत येतात ते उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. ट्रॅक्टरवरची एक पोरगी आमच्या थोरलीच्याच वयाची होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. थोरली पुढं घरापर्यंत काही बोलली नाही, मीही काही बोललो नाही.

घरी आजी कमरेवर हात ठेवून उभी होती. “रांगोळीचा पुडा कुठंय?”

“माळावर,” धाकटा म्हणाला. “चकवा काढला.”

रात्री जेवणं झाल्यावर माळवदावर गेलो. चंद्रकोर मावळली होती. वडील ज्या आभाळाची वाट बघत बसले होते ते आज लख्ख उघडं. पश्चिमेकडून उत्तरेच्या अंगानं आकाशगंगा वर चढलेली, त्या किड्याची. सप्तर्षी या दिवसांत संध्याकाळी दिसत नाहीत, म्हणून शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांवरून मी त्यांना ध्रुव दाखवला. “खूण म्हणून हात लांब करा, क्षितिजावर मूठ ठेवा, तिच्यावर दुसरी मूठ. जवळपास तिथंच सापडेल.” लांब केलेल्या हाताची एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. आणि दिंद्रुड विषुववृत्तापासून जवळजवळ १९ अंश उत्तरेला, म्हणून इथून ध्रुवही तेवढाच वर. काश्मिरात गेलात तर तीन मुठी आणि वर थोडं. थोरलीनं दोन मुठी ठेवल्या, धाकट्यानंही ठेवल्या. त्याच्या मुठी लहान, पण हातही आखूड, त्यामुळं हिशोब जमतो. ही देवाची सोय मला फार आवडते.

तेवढ्यात लाईट गेली. गाव काळंभोर झालं आणि तारे एकदम अंगावर आले. धाकट्याला तहान लागली होती. टॉर्च नको म्हणाला. जिन्यापासून रांजणापर्यंत चौदा पावलं, त्यानं दुपारीच मोजून ठेवली होती, जाऊन आणि येऊन. आम्ही वर कठड्याशी उभे. खालून अंधारातून मोजण्याचा आवाज येत होता, आणि त्याबरोबर फरफट फरफट असा दुसरा. जिन्यापाशी काढलेल्या माझ्या वहाणा त्यानं पायांत सरकवल्या होत्या.

“बारा... तेरा... चौदा.” आवाज थांबला. हात हवेत चाचपडत असावेत. मग रडवेला प्रश्न आला, “आबा, रांजण कुठं गेला?”

थोरली हसून हसून कठड्यावर वाकली. “ह्याचे पाय कापलेत, आबा! पुढं चल रे, अजून चार-पाच पावलं!”

“पुढं म्हणजे कुठं?”

अंधारात आजी उठल्याचं कळलं, बांगड्या वाजल्या. तिनं रांजणावरचं तांब्या-फुलपात्र उचललं आणि एकदा खणकन वाजवलं.